पाव मैलाची शर्यत आणि चाकांचा इतिहास

विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ड्रॅग रेस म्हणजे काय हे समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. वळणे नाहीत, फेऱ्या नाहीत. सरळ आखलेला पट्टा, जागेवरून सुटायचे आणि काही सेकंदांत निकाल. अमेरिकेत बैलांच्या जागी मोटारी आल्या आणि पट्ट्याची लांबी ठरली पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि जी आधी पोचेल ती जिंकते.

शर्यतीच्या रोमांचाबद्दल लिहिण्याचा आमचा इरादा नाही. त्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. आपल्याला पाहायचे आहे ते चाकाकडे. इंजिनाची ताकद कितीही वाढवली तरी ती जमिनीपर्यंत पोचते ती चाकातूनच, आणि ताकद वाढत गेली तसे चाक, टायर, आस, नट-बोल्ट यांतले काही ना काही मोडत गेले. मोडल्यावर ते का मोडले हे शोधले गेले, नियम झाला, मग ताकद आणखी वाढली आणि दुसरेच काही मोडले. आठवी-नववीच्या पुस्तकातले बल, घर्षण, जडत्व, अभिकेंद्री बल हे सगळे धडे या एका इतिहासात भेटतात.

सुरुवात झाली दक्षिण कॅलिफोर्नियात. मोहावे वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी सरोवरे आहेत. पाणी आटून गेलेले त्यांचे तळ मैलोन्‌मैल सपाट आणि टणक असतात. १९३० च्या दशकात तिथे हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्या सोलून, हलक्या करून पळवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रांवर हात बसलेल्या तरुणांनी ही हौस शहराच्या रस्त्यांवर आणली. अपघात होऊ लागले, पोलीस मागे लागले, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. मोकळ्या विमानपट्ट्या हा एक मार्ग निघाला. सँटा ॲना इथल्या विमानतळावर १९५० साली तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संघटना काढली. यापुढे तिला आपण नुसते ‘संघटना’ म्हणू. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ मध्ये पोमोना इथे झाली.

पार्क्स यांनी केलेली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. १९५४ साली त्यांनी चार जणांचे एक पथक एका स्टेशन वॅगनला मागे गाडा जोडून देशभर पाठवले. त्याला ‘ड्रॅग सफारी’ म्हणत. गावोगावच्या हौशी मंडळांना भेटायचे, पट्टा कसा आखायचा, प्रेक्षक किती दूर उभे करायचे, वेळ कशी मोजायची आणि शर्यतीपूर्वी गाडी कशी तपासायची हे प्रत्यक्ष करून दाखवायचे, असे त्यांचे काम. आपल्याकडे गावोगाव हिंडणाऱ्या विज्ञानयात्रांचीच ही आठवण करून देते. १९५५ साली कॅन्सस राज्यात ग्रेट बेंड इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तोवर शर्यतीआधी तपासणी ही गोष्ट रुळली होती.

या तपासणीत चाकाच्या मध्यावरची चकचकीत टोपी काढायला लावत. नुसती दाबून बसवलेली टोपी वेगात उडून जाऊ शकते हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे टोपीखाली चाकाचे नट असतात आणि ते पाहायचे असतात. नटाचे आटे स्टडवर किती खोल गेले आहेत? संघटनेचा नियम सोपा आहे: नट आणि स्टड यांच्या आट्यांची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी लांब हवी. म्हणजे अर्धा इंच जाडीचा स्टड असेल तर अर्धा इंच लांबीचे आटे एकमेकांत गुंतलेले हवेत. मूळ पत्र्याच्या चाकाच्या जागी जाड शर्यतीचे चाक बसवले की जुना स्टड आखूड पडतो, नट दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि वरून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. चाकाला फिरवणारे बल स्टडच्या दांड्यावर आडवे येते आणि तो दांडा ते पेलतो, असे बहुतेक विद्यार्थी सांगतील. (आम्ही काही शिक्षकांना विचारले, त्यांनीही हेच सांगितले.) प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबरासारखा तो चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यामध्ये जे घर्षण निर्माण होते, तेच इंजिनाचे बल चाकापर्यंत नेते. नट सैल झाला, मध्ये रंगाचा जाड थर राहिला किंवा आटे घसरले, की दाब कमी होतो, घर्षण कमी होते आणि चाक हबवर बारीक-बारीक सरकू लागते. त्यानंतर मात्र स्टडवर खरोखरच आडवे आणि उलटसुलट बल येते, ज्यासाठी तो केलेलाच नसतो. स्टड तुटल्यावर पाहणारा म्हणतो, स्टड कच्चा होता. बऱ्याचदा स्टड चांगला असतो, आवळणे कच्चे असते.

उलटसुलट बलाने धातू तुटतो, हे कळायला माणसाला बरीच किंमत मोजावी लागली होती, आणि तीही ड्रॅग रेसच्या शंभर वर्षे आधी. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाची आस मोडली. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. आस चांगल्या लोखंडाची होती, अनेक दिवस काम देत होती. मग ती अचानक का मोडावी? पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रँकिन यांनी मोडलेल्या आसांचे तुकडे तपासून दाखवले, की आसेची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यातून चीर सुरू होते आणि ती हळूहळू आत सरकते. पुढे जर्मनीत रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर यांनी आसा फिरवत ठेवून त्यांच्यावर भार टाकणारी यंत्रे बांधली आणि वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १८७० पर्यंत प्रसिद्ध झाले. एका झटक्यात ज्या भाराने आस मोडत नाही, तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला तर ती मोडते. आणि भार जितका मोठा, तितक्या कमी फेऱ्या पुरतात. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. वर्गात कागदाला लावायची तारेची टाचणी पुढेमागे वाकवून किती वेळात तुटते ते मोजता येईल. एकदा थोडीच वाकवून मोजावे, एकदा पुरती. दोन आकड्यांतला फरक मुलांना चकित करतो.

आता ड्रॅग रेसच्या चाकाचा हिशेब करू. मागच्या टायरचा व्यास सुमारे ३६ इंच, म्हणजे परीघ २.९ मीटरच्या आसपास. ४०२ मीटरच्या धावेत चाक फिरते सुमारे १४० वेळा, घसरण धरली तर थोडे अधिक. रस्त्यावरची साधी मोटार तीनशे मीटर जाताना चाकाचे इतके फेरे सहज पुरे करते. मग दीडशे फेऱ्यांत थकवा कसला? उत्तर व्होलर यांच्या वाक्यातच आहे: भार जितका मोठा, तितक्या कमी फेऱ्या. नायट्रोमिथेन या इंधनावर चालणाऱ्या आजच्या सर्वांत वेगवान गाड्या एका सेकंदाच्या आत शून्यावरून ताशी १६० किलोमीटरवर जातात. सुटताना गाडीचे नाक वर उचलले जाते, जवळजवळ सगळे वजन मागच्या दोन चाकांवर येते, आणि पुढची चाके पुन्हा खाली आपटतात तेव्हा त्यांना दणका बसतो. त्यात ही चाके शक्य तितकी हलकी ठेवण्याचा मोह.

हा मोह समजून घेण्यासारखा आहे. गाडीच्या सांगाड्यातले एक किलो वजन फक्त पुढे सरकवावे लागते. चाकाच्या कडेवरचे एक किलो वजन पुढेही न्यावे लागते आणि गोलही फिरवावे लागते. पातळ कड्याच्या बाबतीत या दोन्ही ऊर्जा सारख्याच भरतात, म्हणजे कडेवरचा एक किलो हा सांगाड्यातल्या दोन किलोंइतका महाग पडतो. त्यामुळे पोलादाच्या जागी आधी मॅग्नेशियमची आणि नंतर ॲल्युमिनियमची चाके आली. घनता पाहा: पोलाद ७.८, ॲल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम १.७. टेड हॅलिब्रँड यांनी महायुद्धानंतरच्या काळात मॅग्नेशियमची ओतीव चाके बनवली आणि ती शर्यतींच्या जगात फार गाजली. पण ओतीव मॅग्नेशियममध्ये बारीक पोकळ्या राहू शकतात, दमट हवेत ते गंजते, आणि प्रत्येक पोकळी, प्रत्येक गंजाचा खळगा म्हणजे रँकिन यांनी दाखवलेल्या कोपऱ्यासारखीच चिरेची जन्मजागा. रंग दिलेले, देखणे, दहा वर्षे जुने चाक आतून कसे आहे हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावर गाडी थांबली, की एक कामगार हातोडीने चाके ठोकत जाई, ते जुन्या शिक्षकांना आठवत असेल. चिरलेले चाक बद्द आवाज देते. शर्यतीच्या चाकांसाठी पुढे चिरेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाची तपासणी वापरात आली. तत्त्व वेगळे असले तरी शोधायची गोष्ट तीच.

टायरची कथा आणखी गमतीची आहे. जास्त पकड हवी म्हणून नक्षी नसलेले, रुंद, मऊ रबराचे टायर आले. १९६० च्या दशकात त्यांच्या बाजूच्या भिंती मुद्दाम मऊ आणि पातळ केल्या गेल्या. सुटताना रिम आधी फिरते, टायरची भिंत पिळवटते, तिच्यावर सुरकुत्या पडतात, टायर जमिनीवर पसरून बसतो आणि धक्का हळूहळू पोचतो. पुढे वेग वाढला की तोच टायर अपकेंद्री परिणामाने उंच होतो. यासाठी हवा अगदी कमी ठेवावी लागते. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला ३० पौंडांच्या आसपास दाब असतो, या टायरमध्ये सात.

पण इतक्या कमी हवेत टायर रिमवर धरून कसा राहील? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती तापवून मोठी करतो आणि थंड होताना ती लाकडाला आवळते. रबराला तसे करता येत नाही. अनेक वर्षे रिममधून आरपार स्क्रू मारून टायरची कडा धरून ठेवत. आता रिमच्या कडेला टायर चिमटीत पकडणारे कडे वापरतात.

वेगात या टायरचे काय होते? ताशी ३३० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १४७ मीटर. टायरच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कण चाकाच्या मध्याभोवती याच वेगाने फिरतो. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र वापरा, टायर फुगून त्रिज्या थोडी वाढते हे धरा, तरीही त्वरण गुरुत्वत्वरणाच्या चार हजार पटींहून जास्त येते. म्हणजे टायरच्या कडेवरचा दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा चाळीस किलोहून जास्त वजनासारखा बाहेर ओढला जातो. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीसाठी हाच आकडा पावणेदोन किलोच्या आत राहतो. टायरला एक लहानशी चीर, एखाद्या उडालेल्या तुकड्याने झालेली जखम किंवा थोडा असमतोल यांचे काय होत असेल, ते यावरून समजेल. हे टायर थोड्याच धावांनंतर बाद करतात, यात उधळपट्टी काही नाही.

चाकाच्या मागे असते आस. साध्या मोटारींपैकी अनेकांत मागच्या आसेचा दांडा आतल्या टोकाला इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या छोट्या कडीने अडकवलेला असतो. दांडा मध्येच मोडला, तर कडी आतच राहते आणि उरलेला दांडा चाकासकट बाहेर सरकत निघून जातो. बैलगाडीच्या कण्याच्या टोकाला खीळ असते, ती निघाली की चाक निघते. इथे खीळ आत लपलेली आहे इतकाच फरक. म्हणून पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या गाड्यांना मूळ दांडे बदलणे आणि दांडा बाहेरच्या टोकाला धरून ठेवणारी योजना बसवणे संघटनेने सक्तीचे केले. दांडा मोडेल, असे गृहीत धरून केलेला हा नियम आहे. मोडल्यावरही चाक जागेवर राहावे, एवढीच त्याची अपेक्षा.

१९७०-७१ च्या हंगामातल्या दोन घटना या सगळ्या काळाचा पेच दाखवतात. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्ट्यावर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची गतिपेटी सुटतानाच फुटली आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटला. तेव्हाच्या गाड्यांत चालक इंजिनाच्या मागे, मागच्या चाकांच्याही मागे बसत असे. म्हणजे फुटू शकणारी प्रत्येक वस्तू त्याच्या पुढ्यात. गार्लिट्स यांनी रुग्णालयात पडल्या पडल्या इंजिन चालकाच्या मागे नेणाऱ्या गाडीचा विचार केला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये पोमोनाच्या स्पर्धेत ती गाडी जिंकली. अशा गाड्या आधीही झाल्या होत्या, पण सरळ चालत नसत. गार्लिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुकाणूची फिरण्याची गती मंद केली तेव्हा ती सरळ धावू लागली. काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या वर्गातून नाहीशा झाल्या.

त्याच पोमोनाच्या स्पर्धेत पीट रॉबिन्सन यांचा मृत्यू झाला. जॉर्जियाचे रॉबिन्सन वजन कमी करण्याच्या कसबासाठी प्रसिद्ध होते. १९६१ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी लहान इंजिनाच्या हलक्या गाडीने जिंकली होती. १९७१ मध्ये त्यांनी गाडीच्या खालची हवा कमी करून गाडी जमिनीला चिकटवणारी योजना बसवली होती. कल्पना पकड वाढवण्याची होती. पण गाडी खाली ओढली जाते म्हणजे तो भार शेवटी चाकांवरच येतो, आणि पुढची चाके तर सायकलच्या चाकासारखी बारीक. या वाढलेल्या भाराने पुढचे टायर निघाले, असे मानले जाते. आम्हाला या घटनेत हलगर्जीपणा दिसत नाही. एका भागावरचा भार वाढवला की तो साखळीतल्या पुढच्या भागाकडे जातो, हे कागदावर लिहिणे सोपे आहे. गाडी बांधताना दरवेळी ते सुचतेच असे नाही.

या सुमारास सुटे भाग कोणी तपासायचे हा प्रश्न पुढे आला. प्रत्येक शर्यतीत तपासनीस गाडी पाहील, पण चाकाच्या आत त्याला दिसणार नाही. सुट्या भागांच्या उत्पादकांची संस्था १९६३ साली स्थापन झाली होती. तिच्याच कामातून १९७८ साली एसएफआय ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. चाके, क्लचची आवरणे, चालकाचे अग्निरोधक कपडे, पट्टे अशा भागांसाठी किमान कसोट्या ती ठरवते. ड्रॅग रेसच्या चालक-चाकांसाठीच्या कसोटीचा क्रमांक १५.१ आहे. उत्पादकाने ती कसोटी पार केली की भागावर तसे लेबल लागते आणि तपासनीस ते पाहतो. लेबल म्हणजे हमी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. नवीन चाक अमुक इतका भार सोसते एवढेच ते सांगते. ते चाक नंतर किती वेळा आपटले, याची नोंद लेबलावर होत नाही.

वेग वाढतच राहिला. १९९२ साली केनी बर्नस्टाइन यांनी ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडली आणि टायरचे प्रश्न नव्याने उभे राहिले. जून २००४ मध्ये सेंट लुइसजवळच्या पट्ट्यावर डॅरेल रसेल यांच्या गाडीचा मागचा टायर वेगात फुटला आणि उडालेल्या तुकड्यांनी त्यांचा जीव घेतला. गार्लिट्स यांनी इंजिन मागे नेले होते, पण चाकेही आता चालकाच्या मागेच होती. त्यानंतर चालकाच्या डोक्यामागच्या पिंजऱ्याला टायटॅनियमची ढाल सक्तीची झाली, टायर कोणता वापरायचा ते ठरवून दिले गेले, त्यातल्या हवेची किमान मर्यादा सात पौंडांवर बांधली गेली आणि इंधनातल्या नायट्रोमिथेनचे प्रमाण ९० वरून ८५ टक्क्यांवर आणले गेले.

मार्च २००७ मध्ये गेन्सव्हिल इथे चाचणी धावेत एरिक मेडलन यांच्या गाडीचा टायर निकामी झाला. गाडी कशावर आदळण्याआधीच विलक्षण जोराने थरथरू लागली, त्यांचे डोके पिंजऱ्यात डावी-उजवीकडे आपटत राहिले, आणि चार दिवसांनी ते गेले. तोवर सुरक्षेचा सगळा विचार समोरच्या धडकेचा झाला होता. असमतोल चाकाच्या हादऱ्यांनी मेंदूला अशी इजा होऊ शकते, हे या अपघाताने दाखवले. त्यांच्या संघाने पिंजरा रुंद केला, डोक्याभोवतीची गादी जाड केली आणि सांगाड्याची नव्याने आखणी केली. त्या संघाचे प्रमुख जॉन फोर्स यांना त्याच वर्षी सप्टेंबरात टेक्ससमध्ये अपघात झाला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्यांचे हात-पाय जबर जखमी झाले, पण डोके वाचले. पुढच्या हंगामात ते पुन्हा शर्यतीत उतरले.

प्रेक्षकांचा प्रश्न मात्र यातल्या कोणत्याही ढालीने सुटत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या शर्यतीत एका गाडीचे मागचे चाक निखळले आणि उसळ्या घेत प्रेक्षकांत गेले. एक स्त्री मृत्युमुखी पडली. चालक त्या अपघातातून वाचला. सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूत ५००० ज्यूल ऊर्जा असते. टायरसकट चाकाचे वजन कितीतरी किलो भरते, शिवाय ते फिरत असते आणि रबरामुळे उसळते. कुंपण किती उंच असावे, याला मग सोपे उत्तर राहत नाही.

पट्ट्याची लांबी हा शेवटचा उपाय संघटनेने २००८ साली वापरला होता. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा यांच्या गाडीचे इंजिन फुटले, वेग रोखणारी पॅराशूट निकामी झाली आणि गाडी पट्ट्याच्या टोकापलीकडे गेली. त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी पाव मैलाऐवजी १००० फुटांची शर्यत सुरू झाली. थांबायला ३२० फूट जास्त मिळाले आणि टायरवरचा सर्वांत कठीण काळही कमी झाला. हा बदल तात्पुरता म्हणून जाहीर केला होता. २००५ साली पूर्ण पाव मैलाच्या टोकाला नोंदवलेला उच्चांक ताशी ३३७.५८ मैलांचा होता. गेल्या काही वर्षांत १००० फुटांतच ताशी ३३८ मैलांच्या वरच्या नोंदी झाल्या आहेत, आणि त्या दोन वर्गांची शर्यत अजूनही १००० फुटांचीच आहे.